गच्चीच्या दारातल्या दोन पायऱ्या

आमच्या इमारतीच्या गच्चीवर उतरायला दाराबाहेर दोन पायऱ्या होत्या. चौथ्या मजल्यावरून वर गेलेला जिना एका लहान खोलीत संपत असे. तिथलं लाकडी दार बाहेरच्या बाजूला उघडे आणि दोन पायऱ्या उतरलं की पाय गच्चीला टेकत. इमारत अंबरनाथ पश्चिमेला, स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. चार मजले, लिफ्ट नाही. आम्ही सगळ्यात वर राहायचो. वडील आनंदनगरच्या एका कारखान्यात देखभाल खात्यात अधिकारी होते आणि सोसायटीचे सेक्रेटरीही, कारण दुसरं कोणी व्हायला तयार नसे. गच्चीची किल्ली आमच्या दारामागच्या खिळ्याला लटकलेली असायची.

आता त्या पायऱ्या नाहीत. त्या कोणी तोडल्या नाहीत. गच्चीच वर आली आणि त्या तिच्या पोटात गेल्या.

या भागात गच्ची गळू लागली की कोबा करतात. स्लॅबवर विटांचे तुकडे उभे-आडवे रचायचे, त्यांच्या फटींत सिमेंटचा माल भरायचा, नळाकडे उतार काढायचा आणि वरून फरशीचे पांढरे तुकडे बसवायचे. मग गच्चीला चारही बाजूंनी मातीचा बांध घालून पाणी तुंबवून ठेवायचं. खाली थेंब आला नाही, तर नारळ फोडायचा. बिल्डरने इमारत देताना असा एक थर दिलाच होता. मी शाळेत असताना तो गळू लागला आणि सोसायटीने पहिल्यांदा कोबा करून घेतला.

नियमाने जुना कोबा आधी फोडून काढायला हवा. त्या सभेत तसं कोणीतरी म्हणालंही. पण सोसायटीची सभा नेहमी मे महिन्यात होई, कारण छताची आठवण तेव्हाच येते. फोडायचं म्हटलं तर विटामातीचा ढीग चार मजले डोक्यावरून खाली न्यायचा, हातोड्याने वरच्या मजल्यावरच्यांचं डोकं उठणार, आणि मध्येच वळवाचा पाऊस आला तर उघडा स्लॅब भिजणार. कंत्राटदाराने सोपं उत्तर दिलं, जुन्यावरच नवा थर देऊ. वडिलांना ते पटलं. त्यांचं त्या सभेतलं वाक्य पुढे कित्येक वर्षं इमारतीत लोक वापरत राहिले: "आहे ते कशाला काढायचं? जितकं जाड तितकं पक्कं."

खालची पायरी त्या वर्षी गेली.

मी कॉलेजात असताना पुन्हा ओल आली. पुन्हा मे महिना, पुन्हा सभा, दुसरा कंत्राटदार. त्याने आधीच्या कंत्राटदाराला भरपूर शिव्या दिल्या, "कसला भिकार माल वापरलाय" म्हणाला, आणि त्या भिकार मालावरच आपला माल चढवला. वरची पायरी गेली. गच्ची दाराच्या पातळीला आली. लोकांना ते सोयीचं वाटलं. पापड-कुरडयांची परात घेऊन जाणाऱ्या बायकांना आता पायऱ्या उतराव्या लागत नव्हत्या. आईसुद्धा म्हणाली, बरं झालं, गुडघ्यांना आराम.

तिसरा थर कोरोनाच्या आधीच्या उन्हाळ्यात पडला. त्यानंतर दार उघडेना, कारण बाहेरची जमीन दारापेक्षा उंच झाली होती. वडिलांनी सुतार बोलावला. सुताराने दार बिजागऱ्यांवरून उतरवलं, खालून एक पट्टी कापली आणि पुन्हा लावलं. गच्चीवरचं पाणी जिन्यात येऊ नये म्हणून आत एक सिमेंटचा बांध घातला. तो ओलांडताना वरच्या चौकटीला डोकं लागे, म्हणून उंच माणसं वाकून बाहेर जात.

गच्चीचा कठडा लहानपणी माझ्या हनुवटीला लागायचा. पुढे छातीला, मग कमरेला, मग मांडीला. माणूस मोठा होतो तेव्हा कठडे लहान होतात, यात विचार करण्यासारखं काही वाटत नाही. पण माझी उंची कॉलेजात असतानाच थांबली होती.

छताला काम हवं आहे हे कसं ओळखायचं, याची ठोकळ लक्षणं सगळ्यांना माहीत असतात. डाग, बुरशी, टपकणारं पाणी. आमच्याकडे त्यांतलं काहीच पावसाळ्यात दिसलं नाही. तिसऱ्या थरानंतरच्या पावसाळ्यांत छत कोरडं राहिलं आणि वडील ते येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत. ओल दिसली ती फेब्रुवारीत. बाहेर धूळ उडत होती आणि हॉलमधल्या पंख्याच्या हुकाभोवती तांबूस कडं उमटलं होतं. आई रोज सकाळी पलंगावरची चादर झटकायची, तर चादरीतून वाळूसारखा चुरा पडायचा. तिने तो पोळ्यांच्या पिठासारखा बोटांत चोळून पाहिला आणि मला फोन केला. मी तेव्हा ठाण्यात राहत होतो.

"पाऊस नाही, पाणी नाही, आणि छत रडतंय," ती म्हणाली. "यांना सांगितलं तर म्हणतात, रंगाचे पोपडे आहेत."

शनिवारी गेलो. वडिलांनी हातातली काठी उलटी धरून छताला ठोकून दाखवलं. कडेला टणक आवाज येत होता, पंख्याच्या आसपास बद्द. कारखान्यात त्यांनी आयुष्यभर असेच आवाज ऐकले होते, पाइपांचे, टाक्यांचे, बेअरिंगचे. त्यांना तो आवाज कळला नाही असं मी म्हणणार नाही. ते खाली बसले आणि म्हणाले, "एक चांगला कंत्राटदार बघ. आता आम्हाला इथून निघायचं ते चौघांच्या खांद्यावरूनच. तोवर छत टिकलं पाहिजे."

आई म्हणाली, "अहो, सकाळी सकाळी काय बोलता!" पण तिनेही वेगळं काही सुचवलं नाही. त्या घराचे हप्ते फिटले होते, खिडकीत तिची तुळस होती, खालच्या वाण्याकडे उधारी चालत होती, आणि जिना चढून वर आलं की दोघंही उंबऱ्यात थांबून धाप घालवत. ते तिथेच राहायचं म्हणत होते. कंत्राटदार शोधायचा होता तो एवढ्यासाठी.

कंत्राटदार शोधणं म्हणजे या भागात ओळखीने ओळख काढत जाणं. वडिलांच्या कारखान्यातल्या एका जुन्या सहकाऱ्याने उल्हासनगरचा एकजण सुचवला. तो पांढऱ्या स्कूटरवरून आला, सिंधी, पन्नाशीचा, बोलायला अतिशय गोड. गच्चीवर जाताना त्याचं डोकं चौकटीला लागलं.

"साईं, दरवाजा छोटा क्यों बनाया?"

"बनाया नहीं," वडील म्हणाले, "हो गया."

तो हसला. गच्चीवर फिरला, टाकीखालचा पाइप पाहिला, बुटाने दोन ठिकाणी ठोकलं. ओल टाकीची आहे, असं त्याने सांगितलं. वरून एक केमिकलचा हात आणि त्यावर एक पातळ कोबा.

"साईं, टेन्शन ही मत लो. एक थर और मार देते हैं. पानी का बाप भी नहीं उतरेगा."

"फोडायचं नाही ना काही?" वडिलांनी विचारलं.

"तोड़ने का नाम ही नहीं."

वडिलांचा चेहरा सुटला. मला मात्र एक साधा प्रश्न विचारायचा होता, आणि तो मी विचारला: आधीचे थर का गळले? त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वडिलांकडे. "बेटा पेपर में है ना? सवाल पूछने की आदत है." आणि मग गंभीरपणे म्हणाला, "वो दूसरों का काम था. मैं अपने थर की गारंटी देता हूँ. नीचे वाले की नहीं."

मी काम करतो त्या वर्तमानपत्रात उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या तीन गावांमधल्या स्लॅबच्या बातम्या ठरलेल्या साच्यात येतात. कुठला मजला, कोण जखमी, इमारत किती जुनी, रहिवाशांना कुठे हलवलं. छत कोसळण्याआधी त्यावर किती जणांनी आपापल्या थराची गॅरंटी दिली होती, हे त्या साच्यात बसत नाही. मीही ते कधी बसवून पाहिलं नव्हतं.

त्याला लगेच होकार दिला नाही, एवढंच झालं. वडील आठवडाभर नाराज होते. मग आईने तोड काढली. तिच्या भजनी मंडळातल्या एकीच्या इमारतीवर पत्र्याची शेड घातली होती. गच्चीवर लोखंडी खांब, वर निळे पत्रे. पाऊस स्लॅबपर्यंत पोचतच नाही. ते काम करणारा बदलापूरजवळच्या गावातला होता. शेती विकून वेल्डिंगचं दुकान टाकलेला, स्वतःच्या गाडीतून माणसं आणि मशिन घेऊन फिरणारा. पहिल्याच भेटीत त्याने वडिलांना काका करून टाकलं.

"काका, कोबा-बिबा इसरा. सलॅबला आपुन छत्री धरू. वर पत्रा, खाली तुमी निवांत."

"खांब कशावर उभे करणार?" वडिलांनी विचारलं.

"सलॅबला भोकं पाडून प्लेटी बसवायच्या. तुमच्या मशिनी बसवत व्हते ना कारखान्यात, तसंच."

ही भाषा वडिलांना समजली. मशिन पायाला बोल्टने बांधायची असते, हे त्यांच्या रोजच्या कामातलं होतं. त्यांनी स्वतः खडूने खांबांच्या जागा आखल्या. कमिटीने परवानगी दिली, कारण काम वरच्यांच्या खर्चाने होणार होतं आणि खालच्यांना छताचं काही पडलेलं नव्हतं. कामाच्या दिवशी सकाळी वडील इस्त्रीचा शर्ट घालून गच्चीवर खुर्ची टाकून बसले. मीही होतो.

पहिलं भोक कोपऱ्यात पाडायचं होतं. ड्रिल सुरू झालं. पांढरा भुगा आला, मग करडा, मग तांबडा. तांबडा म्हणजे वीट, म्हणजे कोबा. तो संपून पुन्हा करडा भुगा आला की स्लॅब लागला असं समजायचं. करडा आला, वडील म्हणाले "लागला", आणि लगेच पुन्हा तांबडा आला. मग करडा. मग पुन्हा तांबडा. ड्रिलचं पातं मुठीपर्यंत आत गेलं.

"लांब पातं लाव," कंत्राटदार म्हणाला.

लांब पातं लावलं. पुन्हा करडा, पुन्हा तांबडा. आणि आता तो भुगा कोरडा नव्हता. मार्च महिन्यात, भर उन्हात, पात्याला ओला लाल चिखल लागून वर येत होता. थरांच्या मधे कित्येक पावसाळ्यांचं पाणी साठून राहिलं होतं. वरच्या थराने नवं पाणी आत येऊ दिलं नव्हतं आणि जुनं बाहेर जाऊ दिलं नव्हतं. फेब्रुवारीत छत का रडत होतं, ते पात्यावर दिसत होतं.

"काय झालं?" वडिलांनी खुर्चीतून विचारलं.

"तळच नाय लागत, काका."

"तळ म्हणजे?"

"सलॅब." त्याने पातं बाहेर काढून बाजूला ठेवलं आणि चिखल झटकला. "काका, खरं सांगा, ह्याच्याखाली सलॅब हाय ना? का नुसता केकच हाय, थरावर थर?"

त्याची माणसं हसली. वडील हसले नाहीत. कंत्राटदाराने मग कठड्याशी जाऊन हात उभा लावून पाहिला. कठडा त्याच्या मांडीला होता. तो दाराशी गेला, कापलेली कड पाहिली, आत वाकून जिन्याकडे पाहिलं. परत आला तेव्हा त्याच्या बोलण्यातली मस्करी गेली होती.

"मी नाय करत," तो म्हणाला. "माझ्या शेडचं वजन ह्याच्यावर नाय टाकत. उद्या खाली गेलं तं माझं नाव लागंल."

"शेड हलकी असते," वडील म्हणाले. "तूच म्हणालास."

"शेड हलकीच हाय, काका. पण आधीचं जड हाय ना."

त्याने भोक सिमेंटने बुजवलं, सामान उतरवलं आणि गाडीत भरून गेला. वडील खुर्चीवर बसून राहिले. ऊन डोक्यावर आलं तेव्हा मी खुर्ची उचलायला गेलो, तर ते म्हणाले, "खुर्चीचं काय एवढं वजन होतं," आणि उठले.

पुढचं सगळं एका इंजिनियरने सांगितलं. सोसायटीने त्याला बोलावलं, कारण ड्रिलची गोष्ट जिन्यातून खालपर्यंत पोचली होती. त्याने आमच्या हॉलमधलं थोडं प्लास्टर उतरवून आतल्या सळ्या पाहिल्या. सळई गंजून फुगली होती आणि तिच्या फुगण्याने सिमेंट सुटलं होतं. गच्चीच्या कोपऱ्यात त्याने एक चौकोन स्लॅबपर्यंत उकरायला लावला आणि त्या खड्ड्यात टेप सोडली. मग त्याने वडिलांना समजावलं, अगदी शांतपणे. स्लॅब स्वतःचं आणि वर वावरणाऱ्या माणसांचं वजन घेण्यासाठी असतो. त्यावर बिल्डरचा एक थर हिशेबात धरलेला असतो. इथे चार होते, आणि ओले. प्रत्येक दुरुस्तीने छताला थोडं थोडं खाली दाबलं होतं.

"म्हणजे दुरुस्ती केली नसती तर?" आईने स्वयंपाकघराच्या दारातून विचारलं.

"तर गळलं असतं, काकू. पण गळकं छत उभं राहतं."

वडील म्हणाले, "मग वजन उतरवू. सगळे थर काढू. आता फोडू."

त्यांच्या तोंडून "फोडू" हा शब्द मी पहिल्यांदा ऐकला. इंजिनियर म्हणाला, आता असंच फोडता येणार नाही. हातोड्याचे हादरे हा स्लॅब सोसणार नाही. आधी खालून लोखंडी टेकू द्यावे लागतील, आणि टेकू फक्त तुमच्या हॉलमध्ये देऊन भागणार नाही. तुमच्या टेकूचं वजन तुमच्या जमिनीवर येईल, ती जमीन खालच्यांचं छत आहे. म्हणून त्यांच्याकडे टेकू, त्यांच्या खाली टेकू, असं थेट खाली पार्किंगपर्यंत. सगळे घरात टेकू उभे करू देतील, तरच वर हात लावता येईल. आणि हे पावसाळ्याआधी.

म्हणजे आई-वडील त्या घरात राहणार की नाही, हे आता खालच्या तीन मजल्यांवरच्या माणसांच्या हातात होतं.

सभा पार्किंगच्या जागेत भरली. वडील आता सेक्रेटरी नव्हते, पण पहिल्या रांगेत बसले. तिसरा मजला कुरकुरत हो म्हणाला, कारण आमच्या खाली ते होते आणि त्यांनी सळ्या पाहिल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावरच्यांनी, मुलीची बारावी आहे, परीक्षेनंतर बघू, असं सांगितलं. पहिल्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहत. वडिलांशी त्यांचं जुनं वाकडं होतं. गच्चीवर त्यांना कधी कपडे वाळत घालू दिले नव्हते, कारण नव्या कोब्यावर दोरीचे खिळे ठोकायचे नाहीत असा वडिलांचा नियम होता. ते उभे राहिले.

"सेक्रेटरीसाहेब," ते म्हणाले. पद गेलं तरी ते याच नावाने हाक मारत, आणि त्यात आदर नसे. "गच्ची तुमची होती. किल्ली तुमच्याकडे होती. आम्ही वर आलो तर विचारायचात, काय काम आहे? आता ओझं झालं तर खांब आमच्या देवघरासमोर?"

"गच्ची सोसायटीची आहे," वडील म्हणाले.

"आज झाली होय सोसायटीची!"

मागे हशा पिकला. कोणीतरी म्हणालं, "जितकं जाड तितकं पक्कं!" आणि हशा वाढला. वडिलांच्या मानेवर घाम आलेला मला मागून दिसत होता. ते उठून उभे राहिले, काहीतरी सांगायचं आहे असे, आणि मग म्हणाले, "मी हात जोडतो." त्यांनी खरंच हात जोडले. शिक्षक खाली बघून म्हणाले, "हात नका जोडू. मला वाईट वाटतं. पण घरात लोखंड नको."

पुन्हा बघू, असं ठरून सभा संपली. पुढे पुन्हा सभा भरली नाही. दुसऱ्या मजल्यावरची परीक्षा संपली आणि ते गावाला गेले. टेकू मिळाले नाहीत, म्हणून थर निघाले नाहीत. मी दर शनिवारी जात होतो आणि दर शनिवारी तांबूस कडं थोडं मोठं दिसत होतं. वडिलांनी पलंग पंख्याखालून भिंतीकडे सरकवला होता.

स्वयंपाकघरातलं छत मे महिन्यात पडलं. आई कुकर लावून हॉलमध्ये शेंगा निवडायला आली होती, म्हणून वाचली. तिने मला सांगितलं ते असं: मोठा आवाज झाला नाही. पोतं टाकावं तसा झाला. ओट्यावर प्लास्टर आणि सिमेंटचा एक खोलगट तुकडा, शेगडी दबलेली, आणि वर उघड्या सळ्या, त्यांच्यात अडकलेली ओली माती. कुकर बाजूला कलंडून शिट्टी देत होता. वडिलांनी ढिगारा ओलांडून जाऊन गॅस बंद केला.

त्यानंतर सगळं वेगाने झालं. जे महिनोन्महिने झालं नव्हतं ते काही दिवसांत झालं, फक्त उलट्या दिशेने. नगरपालिकेची नोटीस लागली, इमारत रिकामी करा. पाणी तोडलं, वीज तोडली. शिक्षकही बाहेर पडले. सामानाच्या टेंपोत देवघर ठेवताना त्यांनी वडिलांकडे पाहिलं आणि वडिलांनी त्यांच्याकडे. कोणी तरी म्हणालं, नवी इमारत होईल. एक बिल्डर येऊन पाहून गेला. गल्ली अरुंद, प्लॉट लहान, जमिनीचे कागद अजून जुन्या मालकाच्याच नावावर. तो परत आला नाही. इमारत तशीच उभी आहे. दारावर लाल अक्षरं आहेत. तिच्या छतावर आमचे चार थर आहेत आणि त्यावर पुन्हा एक पावसाळा पडून गेला आहे.

आई-वडिलांना बदलापूर पूर्वेला भाड्याने घर मिळालं. इथेही चार मजले, पण घर पहिल्या मजल्यावर. आईची तुळस वाटेत मोडली. गच्चीची जुनी किल्ली वडिलांनी सोबत आणलेली दिसली नाही, आणि ती कुठे आहे हे मी विचारलं नाही.

आठवड्यापूर्वी मी गेलो होतो तेव्हा घरमालक भाडं न्यायला आला होता. बोलका माणूस आहे. वडिलांना बरं वाटावं म्हणून, की सवयीने, त्याने इमारतीचं कौतुक सुरू केलं. पाण्याला प्रेशर आहे, वॉचमन आहे, आणि, "अंकल, गळतीचं तर टेन्शनच नाय. मागच्याच वर्षी वर नवा कोबा मारून घेतलाय. एक नंबर."

वडिलांनी पेपर खाली ठेवला. "जुना काढून?"

"जुना कशाला काढायचा? त्याच्यावरच."

घरमालक गेल्यावर वडील चप्पल घालून जिन्याकडे निघाले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर ते कठड्याला धरून थांबले. धाप लागली होती. मी मागे होतो.

"तू जा वर," ते म्हणाले. "दार बघून ये."

मी वर गेलो. दाराला कुलूप नव्हतं. कपडे वाळत होते, कुणाची तरी लहान सायकल टाकीला टेकवली होती. पायरी नव्हती. दार मी पूर्ण उघडलं आणि वाकून खाली पाहिलं. बाकी दाराला जुना हिरवा रंग होता. खालची कड कोरी, रंग न लावलेली, करवतीच्या दातांसकट.

खाली आलो. वडील त्याच वळणावर पायरीवर बसले होते.

"कापलंय?"

"हो," मी म्हणालो. "कापलंय."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं ते आता सांगतील, घरमालकाला फोन लाव, कमिटीला भेटू, इंजिनियरला बोलावू. वरच्या मजल्यावरून कोणीतरी बादली घेऊन उतरलं आणि "काका, जरा" म्हणून त्यांना वळसा घालून गेलं.

"भाडेकरूचं कोण ऐकतं," ते म्हणाले, आणि हात पुढे केला. मी त्यांना उठवलं.